ट्रान्झिस्टर का जळतो?

मे महिन्यातल्या दुपारी वाकडच्या रस्त्यावर क्षणभर उभे राहून पाहा. एका बाजूस हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, दुसऱ्या बाजूस उंच इमारती, आणि मधेच, जिथे थोडी सावली सापडेल तिथे, एखादे रसवंतीगृह. चरकाच्या घुंगरांचा आवाज कानी आला की पाय आपोआप तिकडे वळतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रसवंतीवरची घुंगरे मधूनमधून एकाएकी गप्प होऊ लागली. ती का गप्प होतात हे शोधताना जे पदार्थविज्ञान उपयोगी पडले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

रसवंती चालवणाऱ्या गृहस्थांची मुलगी आमच्या महाविद्यालयात बारावीत शिकते. रस्त्याच्या कडेला विजेची जोडणी नाही, म्हणून त्यांचा चरक पूर्वी डिझेल इंजिनावर चाले. धूर, धडधड आणि डिझेलचा खर्च यांना सगळेच कंटाळले होते. मुलीने १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, २४ व्होल्टची मोटर बसवली आणि मोटरीचा वेग कमीजास्त करणारे मंडल, म्हणजे तुम्ही ज्याला सर्किट म्हणता ते, स्वतः तयार केले. मार्चमध्ये सारे झकास चालले. एप्रिलच्या मध्यास मंडलातला ट्रान्झिस्टर जळाला. तिने नवा बसवला, तो आठवडाभर टिकला. तिसरा चारच दिवसांत गेला.

ट्रान्झिस्टरची किंमत फार नसते. पण तो जळे तो नेमका भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभे असताना. मग उरलेला दिवस बुडे. तिचे वडील मला म्हणाले, "सर, पोरीचं डोकं चांगलं हाय. पण आमचा धंदा दोन महिन्यांचा. आता आणखी एकदा बंद पडलं, तर मी आपलं इंजिनच परत बसवतो."

मुलीने विचारले, "सर, यापेक्षा मोठा ट्रान्झिस्टर घेऊ का?"

मी म्हटले, "घेऊ या. पण आधी हे तीन कशाने गेले ते पाहू. नाहीतर मोठाही जाईल, आणि तो महाग असेल."

चालू किंवा बंद, मधले काही नको

मोटरीचा वेग कमी करायचा तर तिला कमी विद्युत् दाब द्यावा लागतो. जुनी रीत म्हणजे वाटेत रोधक घालणे. शाळेतल्या पंख्याचा जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला हात लावला तर तो गरम लागे. कारण पंख्याला नको असलेली ऊर्जा त्यात उष्णता होऊन वाया जात असे. आपल्या मोटरीचा हिशेब करा. २४ व्होल्टांतले १२ व्होल्ट रोधकात घालवायचे आणि प्रवाह १५ अँपियर आहे, असे समजा. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट नुसते वाया! बॅटरीच्या जिवावर चालणाऱ्याला हे परवडणारे नाही.

नवी रीत वेगळी आहे. मोटरीला पूर्ण २४ व्होल्टच द्यायचे, पण थोडा वेळ द्यायचे, थोडा वेळ तोडायचे. हे सेकंदाला २०,००० वेळा केले की मोटरीला त्यातले तुकडे जाणवत नाहीत, सरासरीच जाणवते. निम्मा वेळ चालू ठेवले तर सरासरी १२ व्होल्ट मिळतात. इतक्या वेगाने उघडझाप करणारे बटन म्हणजे ट्रान्झिस्टर. मुलीने वापरलेला ट्रान्झिस्टर मॉस्फेट जातीचा होता. त्याला तीन पाय असतात. दोन पायांमधून मोठा प्रवाह जातो आणि तिसऱ्या पायाला, म्हणजे गेटला, दाब दिला की वाट उघडते, काढला की बंद होते.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. वाया जाणारी शक्ती म्हणजे ट्रान्झिस्टरवरील दाब गुणिले त्यातून जाणारा प्रवाह. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असला तर प्रवाह शून्य, म्हणून गुणाकार शून्य. पूर्ण चालू असला तर त्यावरील दाब जवळजवळ शून्य, म्हणून गुणाकार पुन्हा नगण्य. म्हणजे आदर्श बटन मुळीच तापणार नाही. मग आमचा ट्रान्झिस्टर तापत का होता?

उष्णतेचा जमाखर्च

आदर्श बटन फक्त पुस्तकात असते. खऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता निर्माण होण्याच्या दोन मुख्य जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे चालू स्थितीतला अल्पसा रोध. आमच्या मॉस्फेटचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम होता. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १५ × १५ × ०.०१७५, हे सुमारे ४ वॅट होतात. पण मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो. म्हणून गरम स्थितीत ६ वॅट धरू.

दुसरी जागा म्हणजे उघडझाप होतानाचा क्षण. ट्रान्झिस्टर बंदचा चालू होताना मधल्या अवस्थेतून जातो. त्या क्षणी त्यावर दाबही असतो आणि त्यातून प्रवाहही जात असतो. २४ व्होल्ट आणि १५ अँपियर यांचा गुणाकार ३६० वॅट. एक वाढत असताना दुसरा घटत असतो, म्हणून सरासरी निम्मी, १८० वॅट. हा क्षण किती लांब आहे यावर सारे अवलंबून. मुलीच्या मंडलात उघडायला सुमारे २ आणि मिटायला सुमारे २ मायक्रोसेकंद लागत होते. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण असे ४ मायक्रोसेकंद सेकंदात २०,००० वेळा येतात. १८० × ०.०००००४ × २०,००० हा गुणाकार करून पाहा. उत्तर १४.४ वॅट येते!

एकूण झाले सुमारे २० वॅट. ही उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडायला हवी. ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पंखांच्या पट्टीवर बसवतात, ती याच कारणासाठी. दुकानात तिला हीटसिंक म्हणतात.

उष्णतेचाही एक ओहमचा नियम आहे असे समजा. दाबाच्या जागी तापमानातला फरक, प्रवाहाच्या जागी वॅट आणि रोधाच्या जागी उष्णतेचा रोध. आमच्या बाबतीत सिलिकॉनपासून बाहेरच्या हवेपर्यंतचा एकूण उष्णता-रोध दर वॅटला सुमारे ७ अंश होता. २० वॅटना तापमान १४० अंशांनी चढणार. हे १४० अंश कशाच्या वर? तर भोवतालच्या हवेच्या वर. सकाळी हवा २५ अंश असेल तर सिलिकॉन १६५ अंशांवर. दुपारी पत्र्याच्या पेटीत हवा ४० अंश झाली की तेच १८० अंशांवर. आणि या ट्रान्झिस्टरची मर्यादा आहे १७५ अंश सेल्सियस.

मार्चमध्ये चालणारे यंत्र एप्रिलच्या दुपारी का मरते, याचे उत्तर या साध्या बेरजेत होते.

पहिला उपाय आणि नवे कोडे

२० वॅटमध्ये मोठा वाटा होता उघडझापीचा. ती इतकी सावकाश का होत होती? मॉस्फेटचे गेट एखाद्या लहान धारित्रासारखे वागते. धारित्र म्हणजे दुकानातल्या भाषेत कपॅसिटर, आणि जुन्या मेकॅनिकांच्या भाषेत कंडेन्सर. ते विद्युत् भाराने भरल्याशिवाय वाट उघडत नाही, आणि रिकामे झाल्याशिवाय मिटत नाही. गेट जपावे म्हणून मुलीने त्याच्या वाटेत ४७० ओहमचा रोधक घातला होता. बारीक नळीने हौद भरायला वेळ लागावा, तसे गेट भरायला वेळ लागत होता. रोधक बदलून ४७ ओहमचा घातला. उघडझाप दहापट जलद झाली आणि त्यात वाया जाणारे १४.४ वॅट सुमारे दीड वॅटवर आले. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि दोन्ही बाजूंस उष्णतावाहक पेस्ट नीट लावली. हिशेबाने आता सिलिकॉनचे तापमान १०० अंशांच्याही खाली राहायला हवे होते.

चौथा ट्रान्झिस्टर बसवला. हीटसिंकला बोट लावता येईना, ते आता लावता येऊ लागले. आम्ही खूश झालो.

दुसऱ्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. "सर, चौथाही गेला. आणि या वेळी हीटसिंक नुसती कोमट होती!"

तिच्या वडिलांनी इंजिनावरची ताडपत्री काढली होती. मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि मुलीला म्हटले, "जळण्याच्या वेळी काय काय झाले, ते आठवेल तितके लिहून आण." तिने दोन गोष्टी लिहून आणल्या. एक, जाड उसाचे कांडे चरकात अडकले, आणि त्याच क्षणी ट्रान्झिस्टर गेला. दोन, चौथा ट्रान्झिस्टर बसवल्यापासून दुकानातला रेडिओ खरखरू लागला होता.

दुसरी नोंद वाचली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मित्रांनो, बिघाड शोधताना क्षुल्लक वाटणारी नोंदही टाकून देऊ नका.

थांबायला तयार नसलेला प्रवाह

तुमच्या इमारतीत पाण्याचा जोराचा नळ एकदम बंद केला की पाइपात धाडकन आवाज होतो, हे तुम्ही ऐकले असेल. धावत्या पाण्याला गती असते. त्याला एकदम अडवले तर ते पाइपावर दणका देते. तारेच्या वेटोळ्यातला विद्युत् प्रवाहही असाच वागतो. फॅरडेने १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, आणि वेटोळे आपल्या स्वतःच्या प्रवाहातल्या बदलालाही विरोध करते हे अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. हा गुणधर्म म्हणजे स्वप्रवर्तन. ते मोजण्याच्या एककाला हेन्री असेच नाव आहे. नियम सोपा आहे: वेटोळ्यात उत्पन्न होणारा दाब म्हणजे स्वप्रवर्तन गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. प्रवाह जितक्या झटक्याने तोडाल, तितका मोठा दाब उसळेल.

मोटर म्हणजे वेटोळीच. म्हणून मोटरीला समांतर एक डायोड जोडतात. ट्रान्झिस्टर बंद झाला की मोटरीतला प्रवाह त्या डायोडमधून फिरत राहतो. मुलीने तो जोडला होता, नाहीतर पहिला ट्रान्झिस्टर पहिल्याच मिनिटाला गेला असता.

मग दणका कोणाचा? बॅटरीपासून मंडलापर्यंत येणाऱ्या तारांचा! बॅटऱ्या फळीखाली होत्या, मंडल वर मोटरीजवळ, आणि दोन तारा एकमेकींपासून लांब फिरवून आणल्या होत्या. सरळ तारेलाही थोडे स्वप्रवर्तन असतेच. त्या सबंध फेऱ्याचे मिळून सुमारे १ मायक्रोहेन्री होत होते. पूर्वी १५ अँपियर प्रवाह २ मायक्रोसेकंदांत तुटे, तेव्हा दाब उसळे ७.५ व्होल्टनी. तो २४ मध्ये मिळवला तरी काळजी नव्हती. आम्ही उघडझाप दहापट जलद केली. आता तोच प्रवाह ०.२ मायक्रोसेकंदात तुटू लागला आणि उसळी झाली ७५ व्होल्टची. २४ आणि ७५ म्हणजे ९९ व्होल्ट. आमच्या ट्रान्झिस्टरची सहनशक्ती होती ५५ व्होल्ट.

पाहिलेत काय झाले ते? सावकाश ट्रान्झिस्टर तापून मरत होता. त्याला जलद केला, तर तो दाबाने मरू लागला. एका रोगावरच्या औषधानेच दुसरा रोग झाला होता.

प्रयोगशाळेत दोलनदर्शक, म्हणजे ऑसिलोस्कोप, जोडून पाहिले. ट्रान्झिस्टर बंद होताच पडद्यावर एक उंच टोक दिसे. ते ६० व्होल्टच्या आसपास जाऊन सपाट होई, आणि मागोमाग बारीक थरथर उठे. टोक सपाट होण्याचा अर्थ असा की तिथे ट्रान्झिस्टरची तटबंदी फुटत होती आणि तारांमधली ऊर्जा त्याच्या अंगात शिरत होती. ही ऊर्जा म्हणजे निम्मे स्वप्रवर्तन गुणिले प्रवाहाचा वर्ग. १५ अँपियरला ती एका वेळी ०.०००११ ज्यूल, आणि सेकंदाला २०,००० वेळा म्हणजे निदान २ वॅट. एवढे तो सोसत होता. पण ऊस अडकला की मोटर थबकते आणि प्रवाह तिप्पट, म्हणजे ४५ अँपियर होतो. तिप्पट प्रवाहाची ऊर्जा किती? वर्ग करा. नऊपट! २ चे झाले सुमारे २० वॅट. चालू स्थितीतल्या रोधाची उष्णताही त्याच क्षणी नऊपट होते. हे सारे इतक्या झटक्यात घडते की उष्णता हीटसिंकपर्यंत पोचायलाही सवड मिळत नाही. म्हणून हीटसिंक कोमट, आणि सिलिकॉन खाक.

आणि रेडिओ? तो पडद्यावर दिसणारी थरथर आधीपासून ऐकत होता.

जुन्या स्कूटरमधला धडा

आता उपाय. तो ट्रान्झिस्टरपेक्षा जुना आहे. तुमच्या आजोबांच्या वेळच्या स्कूटरचे इंजिन दुरुस्त करणारा एखादा मेकॅनिक गाठा आणि त्याला 'पॉइंट आणि कंडेन्सर' म्हणजे काय ते विचारा. जुन्या स्कूटरमध्ये ठिणगी पाडण्यासाठी वेटोळ्यातला प्रवाह दोन धातूच्या टोकांनी तोडला जाई. कंडेन्सर खराब झाला की त्या टोकांतच ठिणग्या उडत, टोके काळी पडत आणि गाडी चालू होईना. चांगला कंडेन्सर काय करी? टोके उघडता क्षणी प्रवाहाला दुसरी वाट देई. प्रवाह धारित्रात शिरे, दाब एकदम न उसळता बेताने चढे, आणि तोवर टोके पुरेशी दूर गेलेली असत.

ट्रान्झिस्टरला हेच संरक्षण देणाऱ्या मंडलाला स्नबर म्हणतात. स्नब करणे म्हणजे उसळणाऱ्याला आवर घालणे. पण नुसते धारित्र पुरत नाही. तारांचे स्वप्रवर्तन आणि धारित्र यांच्यामध्ये ऊर्जा झोक्यासारखी मागेपुढे जात राहते. दुचाकीच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये नुसती स्प्रिंग असती, तर खड्ड्यातून गेल्यावर गाडी बराच वेळ वरखाली नाचत राहिली असती. म्हणून स्प्रिंगच्या जोडीला तेल असते. ते हालचालीतली ऊर्जा शोषून घेते. स्नबरमध्ये धारित्र म्हणजे स्प्रिंग, आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेला रोधक म्हणजे तेल. रोधक फार लहान घेतला तर थरथर थांबत नाही. फार मोठा घेतला तर प्रवाह धारित्राच्या वाटेने जातच नाही. बेताचा रोधक कसा काढावा याचे सविस्तर गणित विल्यम मॅकमरे या अभियंत्याने १९७२ मध्ये मांडले.

मोजा, मग बसवा

आम्ही आधी मूळ कारणाला हात घातला. बॅटऱ्या मंडलाजवळ आणल्या, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन आखूड केल्या, आणि ट्रान्झिस्टर व डायोड यांच्या अगदी शेजारी एक मोठे धारित्र बसवले. आता झटक्याचा प्रवाह लांबच्या तारांतून न येता शेजारच्या धारित्रातून येऊ लागला. फेऱ्याचे स्वप्रवर्तन १ वरून ०.१ मायक्रोहेन्रीवर आले. उसळी ७५ व्होल्टची ७.५ झाली, ऊस अडकल्यावरही ती २२.५, म्हणजे एकूण ४६.५ व्होल्ट. ५५ च्या आत!

उरली होती ती थरथर. तिचा बंदोबस्त करण्याची एक सुरेख रीत आहे. दोलनदर्शकावर थरथरीची वारंवारता मोजली. ती होती सुमारे २२ मेगाहर्ट्झ. मग ट्रान्झिस्टरला समांतर लहान लहान धारित्रे लावत गेलो. १,५०० पिकोफॅरडला वारंवारता बरोबर निम्मी झाली. वारंवारता निम्मी होण्यासाठी एकूण धारिता चौपट व्हावी लागते. म्हणजे घातलेले १,५०० हे मूळच्या तिप्पट. मूळची लपलेली धारिता ५०० पिकोफॅरड. स्वप्रवर्तनाला धारितेने भागून वर्गमूळ काढले की रोधकाची किंमत मिळते: सुमारे १४ ओहम. बाजारात १५ ओहमचा मिळतो, तो घेतला. स्नबरचे धारित्र लपलेल्या धारितेच्या चौपट असावे असा अंदाज असतो, म्हणून २,२०० पिकोफॅरडचे घेतले. मोजताना एक पथ्य पाळा. दोलनदर्शकाची जमिनीची तार आखूड ठेवा, नाहीतर तिचीच थरथर पडद्यावर दिसते आणि नसलेला रोग शोधत बसावे लागते.

शेवटी मुलीच्या मूळ प्रश्नाकडेही वळलो. ट्रान्झिस्टर ५५ ऐवजी १०० व्होल्टचा घेतला आणि ऊस अडकला तर प्रवाहाला लगाम घालणारी जोड मंडलात दिली. मोठा ट्रान्झिस्टर घेणे चूक नव्हते. कारण न शोधता घेणे चूक ठरले असते.

पाचवा ट्रान्झिस्टर मेच्या दुसऱ्या आठवड्यात बसला. पाऊस सुरू होऊन रसवंती आवरेपर्यंत तोच होता. रेडिओची खरखरही गेली. वडिलांनी इंजिन विकले नाही, पण ताडपत्री पुन्हा घातली.

रसवंतीपासून मेट्रोपर्यंत

हा प्रश्न फक्त एका चरकाचा नाही. आकुर्डीत १९७२ पासून पेट्रोलवर चालणारी चेतक स्कूटर बनत असे. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. तिच्या मोटरीला वीज तुकड्या-तुकड्यांनी पुरवणारी बटने ट्रान्झिस्टरचीच आहेत. पिंपरी-चिंचवडहून फुगेवाडीपर्यंत ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या मेट्रोला वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज मिळते. अशा गाड्यांत मोटरींना वीज देण्यासाठी आयजीबीटी नावाचे दणकट ट्रान्झिस्टर वापरतात. त्यांच्या विकासाचे मोठे श्रेय मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या बी. जयंत बालिगा या अभियंत्याला जाते. २०२४ मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत मोटरींचा वेग बदलणाऱ्या पेट्याही याच तत्त्वावर चालतात.

मात्र मोठ्या दाबाला स्नबर फुकट मिळत नाही. दर खेपेस धारित्र भरते आणि रिकामे होते, आणि तेवढी ऊर्जा रोधकात उष्णता होते. ही शक्ती म्हणजे धारिता गुणिले दाबाचा वर्ग गुणिले वारंवारता. आमच्या २४ व्होल्टला ती जेमतेम ०.०२५ वॅट होती. तोच स्नबर त्याच वारंवारतेने ६०० व्होल्टला लावला तर दाब २५ पट, म्हणून उष्णता ६२५ पट, सुमारे १६ वॅट! म्हणजे स्नबरने ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त नाजूक ट्रान्झिस्टरच्या अंगावरून दणकट रोधकाच्या अंगावर जाते. म्हणूनच मोठ्या यंत्रांचे अभियंते आधी तारांच्या जागी जवळजवळ बसवलेल्या रुंद पट्ट्या वापरून स्वप्रवर्तन कमी करतात, आणि उरलेल्यापुरताच स्नबर लावतात.

तुम्ही करून पाहा

प्रवाह तोडल्यावर उसळणारा दाब तुम्हांला डोळ्यांनी पाहता येईल. ट्यूबलाइटचा जुना तांब्याच्या वेटोळ्याचा चोक घ्या. तो घरच्या विजेला मुळीच जोडायचा नाही. त्याच्या दोन टोकांना टेस्टरमधला छोटा निऑन दिवा जोडा. आता ९ व्होल्टची लहान बॅटरी क्षणभर त्या टोकांना लावून झटकन काढा. काढता क्षणी निऑन दिवा लुकलुकेल. असा दिवा पेटायला ६० व्होल्टहून अधिक दाब लागतो. तो ९ व्होल्टच्या बॅटरीतून कोठून आला, ते आता तुम्हांला ठाऊक आहे. उघड्या टोकांना हात लावू नका, झटका बसतो. प्रयोग शिक्षकांच्या देखत करा. घरातला इन्व्हर्टर किंवा चार्जर मात्र उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातल्या धारित्रांमध्ये घातक भार राहू शकतो.

दिवा लुकलुकला की आणखी एक करा. चोकच्या टोकांना समांतर एक धारित्र जोडून प्रयोग पुन्हा करा. ते ०.१ मायक्रोफॅरडपासून १ मायक्रोफॅरडपर्यंत बदलत न्या. दिवा कोणत्या किमतीला पेटेनासा होतो? तुमच्या वहीत ती किंमत लिहून ठेवा. तुम्ही केलेली ती स्नबरची पहिली मोजणी असेल.